कॅन्सर नव्हता, बुरशी होती

अब्हा, सौदी अरेबिया

ती. आई-बाबांना सा. न.

आई, फोनवर मी ‘मुलाच्या पोटात बुरशी’ एवढंच बोलले आणि तू आंबवलेलं इडलीचं पीठ मोरीत ओतलंस, असं दादा सांगत होता. त्या पिठाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही गं. तेव्हा नीटच लिहिते, नाहीतर उद्या चिंगीचं दही-ताकही बंद करशील.

जिझानकडच्या खेड्यातला सात वर्षांचा मुलगा. पोटदुखी, ताप, वजन उतरत चाललेलं. आधीच्या दवाखान्यात अपेंडिक्स काढून झालं, तरी दुखणं तसंच. इथे स्कॅन केला तर मोठ्या आतड्याची भिंत जाड होऊन चांगली मोठी गाठ झालेली. सगळ्यांनी लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, धरला. त्याच्या आईने अन्नपाणी सोडलं होतं.

बाबा, त्याच्या रक्तात इओसिनोफिल भरमसाट वाढले होते. तुमच्या दम्यात वाढतात ना, त्याच पेशी. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बायोप्सीची काच मायक्रोस्कोपखाली घेतली, तर इओसिनोफिलांची ही गर्दी! मधूनच पातळ भिंतीचे, रुंद, पोकळ धागे आणि प्रत्येकाभोवती गडद गुलाबी झालर. ती झालर दिसली, हे धागे बुरशीचे आहेत हे कळलं आणि मी सर्जनना फोन लावला. नंतर कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये तुकडा वाढवून बघितला तेव्हाही, तीच बुरशी उगवली: बॅसिडिओबोलस.

आइडामने १८८६ साली ही बुरशी बेडकाच्या विष्ठेत शोधली. पाली-सरड्यांच्या आतड्यात, मातीत, कुजक्या पाल्यातही ती असते. माती किंवा विष्ठा लागलेलं काही तोंडात गेलं की पोटात पोचत असावी, असा कयास आहे. पाली काय, सगळीकडेच आहेत. पण पोटातला हा आजार जास्त करून सौदीच्या या नैर्ऋत्य भागातून, इराणमधून आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनातून कळतो. आपल्याकडे तीच बुरशी क्वचित मुलांच्या मांडीवर कातडीखाली टणक गाठ करते. एकाची दुसऱ्याला लागत नाही.

मुलं एरवी धडधाकट असतात, म्हणून बुरशी कुणाच्या डोक्यातच येत नाही. मग कधी टीबीची औषधं, कधी क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा आजार) समजून स्टेरॉइड. स्टेरॉइड म्हणजे तर बुरशीला रान मोकळं. मला राग येतो तो याचा: काच नीट बघितली, तर ती सांगत असते.

गाठीचा भाग काढलाय. आता व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, तेही कित्येक महिने. मधूनमधून लिव्हरच्या तपासण्या. परवा त्याने खबूस, म्हणजे इथली रोटी, मागून खाल्ला.

बाबा, झाडू घेऊन पालींच्या मागे लागू नका, स्टुलावर तर मुळीच चढू नका. ओट्यावरचं अन्न झाकून ठेवा आणि चिंगी अंगणातून आली की हात साबणाने धुवायला लावा, बस्स. तुमचा इनहेलर संपत आला असेल, दादाला आजच आणायला सांगा.

तुमची,
माई