यीस्टची पेशी कळी कुठे फोडते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरील नव्या औषधांच्या बातम्या वृत्तपत्रांतून ठळकपणे येतात. पेशीला आकार कसा येतो आणि तिची वाढ कोण आवरते, या मूळ प्रश्नाला मात्र क्वचितच जागा मिळते. वस्तुतः या प्रश्नाची बरीचशी उत्तरे यीस्टसारख्या एकपेशीय बुरशीने दिली आहेत.

यीस्टच्या पेशीला कळी, म्हणजे नवी पेशी होणारा फुगवटा, फुटते ती एका वेळी एकाच जागी, आणि ती जागा पक्की करण्यात मुख्य वाटा सीडीसी42 या अवघ्या 191 अमिनो आम्लांच्या प्रथिनाचा असतो. जीटीपी हा पेशीतील छोटा रेणू जोडलेला असताना ते कार्यरत असते, त्याचेच एक फॉस्फेट कमी असलेले रूप, जीडीपी, जोडलेले असताना निष्क्रिय. सीडीसी24 हे प्रथिन त्याला कार्यरत करते; मग कार्यरत झालेले सीडीसी42, बेम1 या जोडप्रथिनाच्या आधाराने, आणखी सीडीसी24 त्याच ठिकाणी ओढून घेते. अशा रीतीने पेशीपटलावर एकच ठिपका बळावतो, पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू तिकडे वळतात आणि पेशीभित्तीचे नवे साहित्य तेथेच उतरू लागते.

सीडीसी42मध्ये दोष असलेल्या काही पेशी 37 अंश सेल्सिअसला ठेवल्या, तर त्या फुगत जातात, त्यांच्या केंद्रकाचे विभाजनही होते, पण कळी फुटत नाही. वाढणे वेगळे आणि विशिष्ट दिशेने वाढणे वेगळे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग मला दुसरा ठाऊक नाही. मानवी पेशीतील सीडीसी42 यीस्टमधल्या प्रथिनाशी सुमारे 80 टक्के जुळते, आणि यीस्टमध्ये घातल्यास तेथील काम सांभाळते, हे 1990 मध्येच दिसून आले.

वाढीच्या बाजूची कथाही अशीच आहे. पेशींची वाढ रोखणाऱ्या रॅपामायसिन या औषधाला दाद न देणाऱ्या यीस्टपेशी तपासताना 1991 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे टॉर1 आणि टॉर2 ही जनुके हाती लागली. पोषण पुरेसे असेल तेव्हाच प्रथिननिर्मितीला वेग देणे हे त्यांच्या प्रथिनांचे काम. याखेरीज टॉर2 ॲक्टिनच्या मांडणीवरही नियंत्रण ठेवते, म्हणजे वाढ आणि आकार यांचे धागे येथे एकत्र येतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगात वापरले जाणारे एव्हरोलिमस हे औषध मानवी पेशीतील याच टॉर प्रथिनाला रोखते.

म्हणून आपल्या विज्ञान पुरवणीत औषधाच्या बातमीसोबत त्यामागील पेशीतील यंत्रणेवरही तज्ज्ञांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावेत आणि त्यांचा आरंभ यीस्टपासून व्हावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विनम्र,
एक नियमित वाचक