परीकथांच्या चित्रकादंबऱ्या वाचनालयात हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयात बालविभागासाठी नव्या पुस्तकांची यादी होत असताना, परीकथांच्या ॲनिमेशनपटांवरून तयार झालेल्या चित्रकादंबऱ्या (चौकटींतल्या चित्रांतून आणि संवादांतून गोष्ट सांगणारी पुस्तके) ‘सिनेमा पाहिला की झाले, त्यात वाचायचे काय?’ एवढ्या एकाच शेऱ्यावर वगळण्यात आल्या. अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेले असल्यामुळे आणि सध्या सुट्टीत येणाऱ्या नातीबरोबर हीच पुस्तके वाचत असल्यामुळे मला तो शेरा पटला नाही, म्हणून हे पत्र.

आक्षेप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काही पुस्तकांत पडद्यावरची चित्रे जशीच्या तशी उचलून चौकटींत बसवलेली असतात आणि संवादांच्या फुग्यांची एवढी दाटी असते की बिचाऱ्या परीला पंख पसरायलाही जागा उरत नाही. पुस्तकाच्या आडून दप्तर आणि पाण्याची बाटली खपवण्याचा हेतूही लपत नाही. ती पुस्तके खुशाल वगळावीत; मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये.

टिंकर बेल या परीचेच पाहा. जे. एम. बॅरी यांच्या १९०४ सालच्या ‘पीटर पॅन’ या नाटकात ती रंगमंचावर आली तेव्हा तिला देहच नव्हता. इकडून तिकडे धावणारा उजेडाचा ठिपका आणि घंटांची किणकिण म्हणजेच ती. डिस्नेच्या १९५३ च्या चित्रपटात तिला रूप मिळाले, २००८ पासून ती स्वतःच्या चित्रपटांची नायिका झाली आणि २०१० पासून न्यूयॉर्कच्या पेपरकट्झ या प्रकाशनाने तिच्या चित्रकादंबऱ्या काढायला सुरुवात केली. २०१२ सालच्या चित्रपटात तिला हिवाळी रानात राहणारी जुळी बहीण भेटते आणि दोघी जवळ आल्या की त्यांचे पंख उजळतात. पडद्यावर हे काम उजेड आणि संगीत करतात. कागदावर ते नुसत्या शाईने साधायचे असते. सेकंदाला २४ चित्रे धरली, तर सव्वा तासाच्या चित्रपटात लाखावर चित्रे होतात. त्यांतली काहीशेच ठेवायची आणि तरी गोष्ट तुटू द्यायची नाही, हे काम येरागबाळ्याचे नव्हे.

आणि वाचन घडते ते नेमके गाळलेल्या जागेत. चित्रपट पाहताना माझी नात एक शब्द बोलत नाही. तोच प्रसंग पुस्तकात आला की दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून ती विचारते, “आजी, मधी काय झालां?” मग दोन पाने मागे जाते, पंख आधी कसे होते ते बघते आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगू लागते. याला वाचन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी चित्रांतून गोष्ट सांगण्याला दुय्यम मानले जाऊ नये. ठाकर समाजातले कलावंत चित्रांची पोथी समोर ठेवून, एकेक चित्र दाखवत, रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत आले आहेत. ही कला जपल्याबद्दल २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने पेढे वाटले. एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना कथेकरी जे गातो, तेच काम या पुस्तकांत मुलाला स्वतःला करावे लागते, एवढाच काय तो फरक.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. इथल्या दुकानांत मला ही पुस्तके इंग्रजीतच मिळाली, त्यामुळे वाचताना मीच मराठी करत जाते. ‘टिंकर’ म्हणजे भांडी दुरुस्त करणारा. बॅरी यांनी तिला ते नाव दिले, कारण ती पऱ्यांची भांडीकुंडी दुरुस्त करते. मी नातीला सांगितले, “ही आपली कल्हईवाली.” कल्हई म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. मग माळ्यावरचे पितळेचे पातेले खाली उतरवले, आतली विटलेली कल्हई दाखवली. भाता, नवसागराचा धूर आणि तापल्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील, सगळे वर्णन केले. त्या दिवसापासून घरात परीचे नाव कल्हईवालीच आहे. एखाद्या मराठी प्रकाशकाने ही पुस्तके करायला घेतली, तर ‘टिंकर’ हा शब्द नुसता देवनागरीत उतरवून मोकळे होऊ नये आणि फुग्यांतले मराठी मोठ्याने वाचून पाहिल्याखेरीज छापू नये.

वाचनालयाच्या समितीने यादी पुन्हा पाहावी, निदान चार-पाच पुस्तके उघडून, चाळून मग ठरवावे, एवढीच विनंती आहे. खर्चाचा प्रश्न असेल, तर माझ्याकडची एक प्रत मी देण्यास तयार आहे. तिचे शेवटचे पान नातीने भाताच्या शितांनी चिकटवलेले आहे, तेवढे चालवून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग