वादातले बिल म्हणजे थकबाकी नव्हे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

मोबाइलच्या बिलावरून ग्राहक आणि कंपनी यांच्यात वाद होणे नवे नाही, आणि असे वाद कसे मिटवावेत याचे नियमही आपल्याकडे आहेत. माझे गाऱ्हाणे त्याच्या पुढचे आहे. तक्रारीचा निकाल लागण्याआधीच वादातली रक्कम 'थकबाकी' या नावाने वसुली करणाऱ्या खासगी संस्थेच्या यादीत जाते, आणि एकदा ती तिथे गेली की ग्राहकाने तक्रार केली होती ही गोष्टच त्या व्यवहारातून पुसली जाते. हे मी स्वतः अनुभवले आहे. असा अनुभव माझ्या एकट्याचा नाही, हेही आता ठाऊक झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी मी माझा पोस्टपेड नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला. मुदत उलटून गेलेले बिल बाकी असेल तर जुन्या कंपनीला पोर्टिंगची विनंती नाकारता येते. माझी विनंती नाकारली गेली नाही, कारण बाकी काहीच नव्हती. नंबर नव्या कंपनीकडे गेल्यावर उरलेल्या दिवसांचे शेवटचे बिल आले आणि तेही मी वेळेत भरले. त्यानंतर मात्र जुन्या कंपनीकडून आणखी दोन महिन्यांची बिले आली. दरमहा ५९९ रुपये भाडे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन महिन्यांचे मिळून १,४१३ रुपये ६४ पैसे. हयात हिशेबाच्या वह्यांत गेल्यामुळे पैशांपर्यंत आकडा लिहिण्याची सवय सुटत नाही, याबद्दल क्षमा असावी. पण ज्या साठ दिवसांत माझा नंबर त्या कंपनीच्या जाळ्यात नव्हताच, त्या साठ दिवसांचे हे भाडे होते.

तक्रार करायला गेलो तेव्हा पहिली अडचण कळली. १९८ हा तक्रारीचा विनामूल्य क्रमांक सर्व कंपन्यांसाठी एकच असला तरी फोनमध्ये ज्या कंपनीचे सिम असेल तिच्याकडेच तो लागतो. म्हणजे कंपनी सोडून गेलेल्या ग्राहकाला जुन्या कंपनीचा दुसरा क्रमांक शोधावा लागतो. तो मी शोधला. तिथल्या यंत्राने माझा मोबाइल नंबर विचारला, मी दाबला, आणि पलीकडून नम्र आवाजात उत्तर आले की हा नंबर आमच्या सेवेत नाही, कृपया तपासून पाहा. एका हाताने 'हा नंबर आमचा नाही' म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच नंबराचे भाडे मागायचे, हे मला तरी नवीन होते. अखेर ईमेलने तक्रार केली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळाला. काही दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा एका ओळीचा संदेश आला. निराकरण काय झाले, हे त्यात नव्हते. बिल जसेच्या तसे उभे होते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार याच्या वरची पायरी अपिलाची असते. प्रत्येक कंपनीने अपील प्राधिकारी नेमायचा असतो, अपिलाला शुल्क नसते आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. तिथे पत्रे पाठवून महिने घालवण्यापेक्षा हे अपील वेळेत करणे अधिक उपयोगाचे. मी ते केले, पोच घेतली आणि वाट पाहत बसलो.

अपील चालू असतानाच वसुलीचा पहिला फोन आला. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. "लीगल डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमच्या नावावर केस फाइल होतेय," अशी सुरुवात. मी शांतपणे डॉकेट नंबर सांगितला, अपिलाची तारीख सांगितली. पलीकडचा तरुण थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, ते आमच्या सिस्टीमला दिसत नाही." पुढच्या पाच आठवड्यांत तीन वेगवेगळ्या व्यक्तींचे फोन आले आणि हे वाक्य मी प्रत्येकाकडून ऐकले. त्यांतल्या एकाने, बहुधा दिवसाच्या अखेरीला थकून, मला खरे ते सांगितले: त्याच्या पडद्यावर ग्राहकाचे नाव, नंबर, रक्कम आणि 'पीटीपी' नावाचा एक रकाना एवढेच असते. पीटीपी म्हणजे पैसे कधी भरणार याचे ग्राहकाने दिलेले वचन. ग्राहकाचा आक्षेप नोंदवायला रकानाच नाही. त्या मुलावर मी रागावू शकलो नाही. त्याला जी यादी दिली गेली तिच्यातच खोट आहे, आणि ती यादी देणारी कंपनी फोनवर कधीच येत नाही.

मग सुनेच्या नंबरावर फोन सुरू झाले. जोडणी घेताना 'पर्यायी संपर्क' म्हणून तो मी कधीतरी लिहून दिला होता. "तुमच्या सासऱ्यांना समजवा, पोलीस घरी येतील," असे तिला सांगण्यात आले. इथे स्पष्ट लिहिले पाहिजे की फोनचे बिल हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे. निव्वळ बिल न भरल्याबद्दल कुणी अटक करायला येत नाही. उलट धमकावणे हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा ठरू शकतो. हे वाक्य मी पुढच्या फोनवर उच्चारले आणि सुनेला येणारे फोन त्या दिवसापासून थांबले.

बँकांच्या कर्जदाराला याबाबतीत निदान काही कुंपण आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले की थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येणार नाही, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देता येणार नाही. वसुली बाहेरच्या संस्थेला दिली तरी तिच्या वागणुकीची जबाबदारी बँकेचीच राहते. पण ही बंधने रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी आहेत. फोन कंपनी त्यांत बसत नाही. लाखोंचे कर्ज खरोखर थकवणाऱ्याला रात्री नऊला फोन करता येत नाही, आणि दीड हजाराच्या, तेही चुकीच्या, बिलासाठी मला करता येतो. ही विसंगती कुणाच्या नजरेला येत नसेल, असे वाटत नाही.

शेवटच्या फोनवर मला सवलत देऊ करण्यात आली: "आज निम्मे भरा, विषय संपला." अनेक जण इथेच सुटकेचा निःश्वास टाकून पैसे भरतात, आणि मीही क्षणभर मोहात पडलो होतो. पण अशी अंशतः भरणा केलेली रक्कम पुढे देणे मान्य केल्याची खूण म्हणून दाखवता येते, आणि पैशांच्या येण्यासाठी दावा लावण्याची जी तीन वर्षांची मुदत असते तीही अशा भरण्याने नव्याने मोजली जाऊ शकते. बिलातला जो भाग खरोखर आपला आहे तो जरूर भरावा, पण 'उर्वरित रक्कम अमान्य' असे लेखी कळवूनच. फोनवर आलेल्या लिंकवरून तर काहीच भरू नये, कारण वसुलीच्या नावाखाली फसवणूक करणारेही याच आवाजात बोलतात. एजंटकडे त्याच्या संस्थेचे नाव आणि कंपनीने दिलेले अधिकारपत्र ईमेलने मागावे. मी मागितले. तिघांपैकी एकानेही पाठवले नाही.

याच काळात ओळखीच्या एका गृहस्थांना लोकअदालतीची नोटीस आली. पोलीस ठाण्यातला शिपाई ती घेऊन दारात उभा राहिल्यामुळे घरातल्यांचे धाबे दणाणले. रक्कम आठशेच्या आत, विषय पाच वर्षांपूर्वीचे फोनचे बिल. ही 'दाखलपूर्व' प्रकरणाची नोटीस होती. म्हणजे दावा अजून कुणी लावलेलाच नव्हता, कंपनीने तडजोडीसाठी फक्त बोलावले होते. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय काहीही ठरत नाही. मात्र एकदा सही केली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपीलही नसते. लोकअदालत ही उत्तम व्यवस्था आहे आणि तिथे कागदपत्रे घेऊन जायला कुणी घाबरू नये, एवढेच मी त्यांना सांगितले. ते गेले, रक्कम मान्य नसल्याचे सांगितले आणि परत आले. पण ज्या नोटिशीवर न्यायसंस्थेचे नाव आहे तिचा उपयोग भीती घालण्यासाठी होत असेल तर विधी सेवा प्राधिकरणांनी त्याकडे पाहायला हवे.

ग्राहकाला ग्राहक आयोगाचा दरवाजाही मोकळा आहे, आणि तो मोकळा होण्याची कथा सांगण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालानंतर फोनच्या बिलाचे वाद ग्राहक मंचापुढे चालतच नाहीत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ते चालतात असे निःसंदिग्धपणे सांगितले. तो वाद अहमदाबादच्या एका ग्राहकाचा होता. दरमहा सरासरी साडेपाचशेच्या घरात येणारे त्याचे बिल एका महिन्यात चोवीस हजारांच्या वर गेले होते. बिल २०१३ सालचे आणि त्याची तक्रार ऐकता येते की नाही एवढे ठरायला २०२२ उजाडले. आता पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात शुल्क लागत नाही, स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि वकील सक्तीचा नाही. तरीही दीड हजारासाठी आयोगापर्यंत किती जण जातील? वसुलीचे सारे गणित याच प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे.

माझ्या अपिलाचा निकाल माझ्या बाजूने लागला आणि दोन्ही बिले रद्द झाल्याचे लेखी पत्र आले. त्यानंतर सतरा दिवसांनी एका नव्या संस्थेतून, विलंब शुल्कासह वाढलेल्या रकमेसाठी, पुन्हा फोन आला. पत्राचा क्रमांक वाचून दाखवला, तर तेच उत्तर. जुनी यादी नव्या संस्थेला जशीच्या तशी दिली गेली होती.

म्हणून ट्रायला आणि दूरसंचार विभागाला माझी जाहीर विनंती आहे की, तक्रार किंवा अपील प्रलंबित असलेली रक्कम वसुलीसाठी बाहेर देण्यास स्पष्ट मनाई करावी. वसुली संस्थेला द्यायच्या प्रत्येक नोंदीसोबत डॉकेट नंबर आणि त्याची सद्यस्थिती देणे कंपन्यांना बंधनकारक करावे. बिल रद्द झाल्यास ते यादीतून काढल्याचे आणि लोकांच्या कर्ज-थकबाकीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीकडे नोंद गेली असल्यास तीही दुरुस्त केल्याचे ग्राहकाला लेखी कळवावे. आणि फोनच्या वेळेबाबत रिझर्व्ह बँकेने घातली आहेत तीच बंधने इथेही लागू करावीत. यासाठी नवा कायदा लागणार नाही. त्या पडद्यावर एक रकाना वाढवायचा आहे.

या पत्रावर संबंधितांकडून खुलासा आल्यास तोही आपण प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्रपणे दिला आहे, छापू नये.)