शिकागो व्हाइट सॉक्स: 60 विजयांमागचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन बेसबॉलच्या येत्या 2026 च्या हंगामाविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेल्या टिपणात शिकागो व्हाइट सॉक्सला एका वाक्यात निकालात काढले आहे: गेल्या वर्षी 60 विजय, 102 पराभव, यंदाही तोच पाढा. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी मुले-मुली हे पान वाचतात. संघाची ताकद जय-पराजयाच्या रकान्यावरून ठरते, हा समज त्यांच्या मनात पक्का होऊ नये म्हणून हे पत्र.

संघ खरोखर किती पाण्यात आहे हे पाहायचे तर केलेल्या आणि दिलेल्या धावा मांडाव्या लागतात. व्हाइट सॉक्सने 2025 मध्ये 647 धावा केल्या आणि 742 दिल्या. केलेल्या धावांचा वर्ग करायचा (418609), दिलेल्यांचा करायचा (550564) आणि दोन्हींच्या बेरजेने पहिल्याला भागायचे. उत्तर येते 0.432. हंगामाच्या 162 सामन्यांनी गुणले की 70 विजय. प्रत्यक्षात मिळाले 60. दहा विजयांची ही तूट बहुतांशी एका धावेने सुटणाऱ्या सामन्यांतली असते आणि तिथे हा संघ वर्षभर मार खात राहिला. त्यात शेवटच्या इनिंगमधल्या कच्च्या पिचिंगचा (चेंडूफेकीचा) वाटा आहेच, पण एवढी मोठी तूट सलग दोन वर्षे सहसा टिकत नाही.

हेच गणित कोलोरॅडो रॉकीजला लावून पाहा. त्यांनी 597 धावा केल्या, 1021 दिल्या. सूत्र सांगते 41 विजय, त्यांना मिळाले 43. तो संघ मुळातच तेवढा कमजोर होता. दोन्ही संघ आपापल्या गटात तळाला राहिले, एवढ्यावरून दोघांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. व्हाइट सॉक्सने 2024 मध्ये 121 सामने गमावले. आधुनिक काळात एका हंगामात इतके पराभव त्याआधी कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. त्या वर्षी त्यांच्या धावा होत्या 507 आणि दिलेल्या 813. म्हणजे एका वर्षात 140 धावा वाढल्या आणि 71 कमी दिल्या गेल्या. साधारण दहा धावांच्या फरकामागे एक विजय, हा ठोकताळा धरला तर ही वाटचाल लहान नाही.

आता माणसांकडे येऊ. डिसेंबरमध्ये संघाने जपानच्या मुनेताका मुराकामीशी दोन वर्षांचा, 3 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. या डावखुऱ्या हिटरने (फलंदाजाने) 2022 मध्ये जपानी लीगमध्ये 56 होमरन (कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारले, सदाहारू ओ यांच्या 1964 मधल्या 55 पेक्षा एक जास्त. तरी करार एवढा लहान का? त्याची बॅट स्ट्राइक झोनमधल्या, म्हणजे मारण्याजोग्या टप्प्यातल्या, चेंडूवरही पुष्कळदा हुकते, विशेषतः वेगवान फास्टबॉलवर. अमेरिकेत फास्टबॉलची सरासरीच ताशी 150 किलोमीटरच्या वर आहे. 60 फूट 6 इंचांवरच्या पट्टीवरून टाकलेला तो चेंडू सुमारे 0.4 सेकंदात प्लेटवर, म्हणजे हिटरपुढच्या पाटीवर येतो.

पहिल्या महिन्यात त्याची सरासरी पाहून काही कळणार नाही. त्याचे फाउल (बाजूच्या रेषांबाहेर किंवा मागे गेलेले फटके) कुठे जातात ते पाहावे. वेगवान चेंडूवरचा फाउल सरळ मागे, कॅचरच्या (हिटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून जाळीवर गेला तर वेळ बरोबर साधली आहे, बॅट फक्त बोटभर खाली गेली. डावखुऱ्याचा फाउल वारंवार तिसऱ्या बेसच्या बाजूला जात असेल तर बॅट उशिरा येते आहे. ही खूण आपल्याकडच्या मुलांनाही तितकीच लागू पडते, उजव्या हाताच्या हिटरसाठी बाजू तेवढी उलटी धरायची.

शिकागोत एप्रिलमध्ये चांगलीच थंडी असते. आपल्याकडे त्याच महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की चारशे फुटांचा फटका साधारण तीन फूट कमी पडतो. एप्रिलमध्ये मुराकामीचे दोन-तीन फटके कुंपणाजवळ झेलले गेले तर लगेच बोंब ठोकू नये.

शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) कोल्सन मॉन्टगोमेरीने गेल्या वर्षी 71 सामन्यांत 21 होमरन मारले. त्याला 162 सामन्यांच्या हिशेबात बसवून 48 आकडा काढणारे पुष्कळ भेटतील. पहिल्या वेचणीवरून कापसाचा एकरी उतारा सांगू नये, तसेच हे. तो दहा वेळा बॅटिंगला आला की जवळपास तीनदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतो, आणि दुसऱ्या वर्षी पिचर त्याची दुखरी जागा शोधून तिथेच चेंडू टाकतात. आम्ही तीसच्या आसपास धरतो, आणि शॉर्टस्टॉपसाठी तेही उत्तम आहे. एप्रिल 2025 च्या अखेरीस, खालच्या श्रेणीतल्या संघात सरासरी पार घसरलेली असताना, त्याला ॲरिझोनातल्या सराव केंद्रावर पाठवून स्विंग नीट करून घेतला गेला, हे विसरू नये. फटका बिघडला की सामन्यामागून सामने खेळवून तो सुधारत नाही. खेळाडूला काही आठवडे बाजूला काढावेच लागते. आपल्याकडे जिल्हास्तरीय स्पर्धेच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

खरी काळजी पिचिंगची आहे. 162 सामने म्हणजे सुमारे 1458 इनिंग. सुरुवातीचा पिचर सामन्यात पाच इनिंग टिकला तर 810 निघतात. उरलेल्या साडेसहाशेच्या आसपास इनिंग बुलपेनच्या, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरांच्या (रिलीव्हर), खांद्यावर पडतात. तोच जर चार इनिंगमध्ये बाहेर आला तर हा बोजा दीडशेहून जास्त इनिंगनी वाढतो, तेच रिलीव्हर लागोपाठ तिसऱ्या दिवशी उभे राहतात आणि हातातले सामने आठव्या-नवव्या इनिंगमध्ये जातात. शेन स्मिथने गेल्या वर्षी 29 सामन्यांची सुरुवात करून सुमारे 146 इनिंग टाकल्या, म्हणजे सामन्यामागे जेमतेम पाच. पदार्पणाच्या वर्षात ऑल-स्टार संघात निवड झालेला हा पिचर यंदा साडेपाचच्या पुढे गेला तर बुलपेनला मोठा दिलासा मिळेल. ड्रू थॉर्प आणि काय बुश यांच्या कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया 2025 च्या हंगामाआधी झाली. त्यातून उभे राहायला बारा ते अठरा महिने लागतात आणि परतल्यावरही चेंडूवरचा ताबा वेगापेक्षा उशिरा येतो. हे दोघे एप्रिलपासून तयार आहेत असे धरून कोणी हिशेब मांडू नये. नोआ शुल्त्झ आणि हेगन स्मिथ हे दोन डावखुरे खालच्या संघांतून वर येण्याच्या वाटेवर आहेत. त्यांना घाईने आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंदा नियमही बदलतो आहे. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये होता की बाहेर, या अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला कॅमेऱ्यांच्या आधारे आव्हान देता येईल. प्रत्येक संघाला दोन संधी मिळतील आणि आव्हान बरोबर ठरले तर संधी शिल्लक राहील. ते फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) न पाहता, लगेच टोपी किंवा हेल्मेटवर हात ठेवून द्यायचे. चाचण्यांमध्ये कॅचरची आव्हाने पिचरपेक्षा जास्त वेळा बरोबर ठरली. व्हाइट सॉक्सचे काइल टील आणि एडगर क्वेरो हे दोन्ही कॅचर दुसऱ्याच वर्षात आहेत. पहिल्या दोन इनिंगमध्ये रागाच्या भरात संधी उडवल्या तर आठव्या इनिंगमध्ये, बेस भरलेले असताना, हात चोळत बसावे लागेल.

या सगळ्याचा अंदाज करून आम्ही 70 ते 74 विजय धरतो. त्यांचा गट 2025 मध्ये क्लीव्हलँडने 88 विजयांवर जिंकला, म्हणजे प्लेऑफ (हंगामानंतरची विजेतेपदाची फेरी) अजून दूर आहे. पण जूनअखेर केलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक उणे तीसच्या आत राहिला तर आमचा आकडा आम्ही वाढवू.

आपल्याला विनंती एवढीच की, बेसबॉलचा तक्ता छापताना जय आणि पराजयाच्या शेजारी केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा असे दोन रकाने वाढवावेत. शिकागोतले संध्याकाळी 6.40 चे सामने आपल्याकडे पहाटे 5.10 ला सुरू होतात, त्यामुळे त्या दिवशीच्या अंकात निकाल येणार नाही, हे आम्ही जाणतो. आठवड्यातून एकदा, सोमवारी, पूर्ण तक्ता दिला तरी मुलांना वहीत सूत्र मांडून पाहता येईल.

आपले विश्वासू,
सॉफ्टबॉल व बेसबॉल प्रशिक्षक,
जळगाव