बालसभा घेण्याआधी

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी बालसभा, म्हणजे गावातल्या मुलांचं म्हणणं ऐकायची सभा, घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा त्याच सुमारास हातात घेतला जातो. बालदिनाचा मुहूर्त धरलास तर फोटो झकास येतील, पण कामांची यादी तोवर ठरलेली असेल. शिवाय दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची बिऱ्हाडं उठतात आणि ज्यांचं सर्वांत आधी ऐकायला हवं तीच पोरं गावात नसतात. तेव्हा सप्टेंबरच्या मध्यालाच उरकून घे.

पटांगणात रांगा लावून माईक फिरवू नकोस. त्यात चार हुशार पोरं बोलतात, तेही गुरुजींनी लिहून दिलेलं. मुलांच्या प्रश्नांचा अभ्यासक रॉजर हार्ट याने 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं या खालच्या तीन पायऱ्या त्याने सहभागात धरल्याच नाहीत. नारळ, हार आणि पाहुण्यांची भाषणं आली की सभा तिथेच अडकते.

वयाप्रमाणे गट कर: 8 ते 11, 12 ते 14, 15 ते 17. एका गटात बारा-पंधराजण, जास्त नकोत. वरच्या दोन गटांत मुलींना वेगळं बसव, सोबत आशाताई असू दे. शिक्षक बाहेर. शाळा सोडलेल्या मुलांना निरोप घरी जाऊन द्यायचा, शाळेच्या सूचनेतून तो त्यांच्यापर्यंत जात नाही.

‘तुम्हाला काय हवंय?’ असं थेट विचारलंस की घसरगुंडी आणि क्रिकेटचं सामान एवढंच येतं. त्यापेक्षा ओसरीवर खडूने गावाचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घे. प्रत्येकाला पाच चिंचोके दे आणि जिथे जायला भीती वाटते, त्रास होतो, तिथे ठेवायला सांग. समज, मुलींचे चिंचोके एसटी थांबा आणि वस्ती यांमधल्या वळणावर जमले. लगेच ‘दिवा लावू’ म्हणू नकोस. ‘किती वाजता?’ विचार. पाचची गाडी भरून येते, थांबत नाही, पुढची अंधार पडल्यावर, असं निघालं तर दिव्याइतकंच आगारप्रमुखांना पत्रही हवं. शेवटी मागण्यांचा क्रम लावताना मात्र चिंचोके उघड्यावर नकोत, कारण सगळे पहिल्याच्या मागे जातात. झाकणाला भोक पाडलेले डबे ठेव, प्रत्येक मागणीचा एक.

पैशाचं आधीच सांगून टाक. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवला होता. अशा बांधलेल्या निधीत पहिलीतल्या पोराच्या उंचीचा नळ बसतो, रस्त्यावरचा दिवा बसत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले महिला-बालकल्याणाचे 10 टक्के वेगळे. ते किती रुपये होतात हे ग्रामसेवकाकडून काढून फळ्यावर लिही. आकडा समोर असला की पोरं आपणहून काटछाट करतात.

मारहाण, छेडछाड, घरातला त्रास असं काही कुणी बोललं तर तक्त्यावर किंवा इतिवृत्तात नाव येता कामा नये. आरोपी त्याच गावचा, कदाचित सदस्याचा नातेवाईकही असतो. सगळ्यांसमोर खोदून विचारायचं नाही, 1098 या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

‘पोरांना काय कळतंय’ हे ग्रामसभेत कुणीतरी म्हणणारच. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला. त्याचं 12वं कलम मुलांचं सगळं मान्य करा असं म्हणत नाही. त्यांचं मत ऐका, वय आणि समज पाहून त्याला वजन द्या, एवढंच म्हणतं. मागण्या मांडायला प्रत्येक गटातली दोन मुलं येऊ देत आणि त्यांना पहिल्याच विषयात बोलू दे. शेवटी ठेवलंस तर तोवर निम्मी सभा उठलेली असते.

आणि उत्तर. बहुतेक ठिकाणी नेमकं तेच राहतं, मग दुसऱ्या वर्षी पोरं फिरकत नाहीत. महिन्याच्या आत शाळेत आणि चावडीवर कागद लाव: मागणी, मंजूर की नामंजूर, कारण, काम कुणाकडे, कधीपर्यंत. नामंजूर असेल तर ‘निधी नाही’ एवढ्यावर भागवू नकोस. खर्च किती, शिल्लक किती, दोन्ही आकडे लिही. पोरं नकार पचवतात, टोलवाटोलवी लगेच ओळखतात.

तारीख ठरली की कळव. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावरची वेळ मला बरी वाटते.

तुझा,
विनायक