रात्रीच्या भांड्यांविषयी आई-बाबांना

नेरुळ, नवी मुंबई
दि. २ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेच्या रात्री जेवणे झाल्यावर स्वयंपाकघरातून कढई पडल्याचा आवाज आला, तेव्हा आई, तू “काही नाही, निसटली” एवढेच म्हणालीस आणि पुन्हा नळ सोडलास. मी दारात उभा राहून पाहिले, तर फराळाची ती लोखंडी कढई तुला एका हाताने उचलता येत नव्हती. मनगटावर तोलून तू ती सिंकच्या कडेला टेकवत होतीस आणि अंगठ्याच्या मुळाशी दाब आला की क्षणभर थांबत होतीस. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून नेरुळला येताना गाडीत मी याच गोष्टीचा विचार करत होतो. फोनवर हा विषय निघाला की तू दोन वाक्यांत मिटवतेस, म्हणून पत्र लिहीत आहे. माझी विनंती अशी की नौपाड्याच्या घरी मला डिशवॉशर बसवू द्यावा, आणि त्यात जी भांडी घालता येत नाहीत तीही यापुढे तू घासू नयेस.

२०२०च्या टाळेबंदीत मावशींचे येणे थांबले आणि दोन्ही वेळची भांडी तुझ्याकडे आली. पुढे मावशी पुन्हा येऊ लागल्या, सकाळची भांडी आणि केरफरशी त्यांनी परत हाती घेतली, पण रात्रीची भांडी तुझ्याकडे राहिली ती राहिलीच. खरकटी भांडी रात्रभर तशीच ठेवायची नाहीत हा आजीचा नियम तू पाळतेस आणि तो मलाही मोडायचा नाही. पण डॉक्टरांनी अंगठ्याच्या सांध्याची झीज झाल्याचे सांगितले, तेव्हा घट्ट पकडून जोर लावणे, पिळणे आणि जड वस्तू एका हाताने उचलणे या तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या. भांडी घासताना या तिन्ही गोष्टी रोज रात्री होतात. त्यात बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा आहेतच. साबणाने त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि रात्री मलम लावून ते भरून येण्याआधी पुन्हा हात पाण्यात जातात.

बाबा, तुमचा आक्षेप पाण्याविषयी आहे, हे मला माहीत आहे. वागळे इस्टेटच्या कारखान्यात तुम्ही सगळी नोकरी देखभाल विभागात केलीत आणि मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट मान्य केली नाहीत, म्हणून मीही मोजले. निघण्यापूर्वी तुमच्या सिंकच्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवली. नेहमीइतका नळ सोडल्यावर ती अडीच मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. आदल्या रात्री आई चाळीस मिनिटे उभी होती आणि त्यातली निदान बारा मिनिटे तरी नळ वाहत होता. सत्तर लिटरच्या घरात पाणी गेले. आमच्या डिशवॉशरच्या सांडपाण्याची नळी मी एकदा तसल्याच बादलीत सोडून ठेवली होती आणि रोजचे चक्र संपले तरी बादली भरली नव्हती. तेच पाणी खालच्या टाकीत साठते, पंप ते फिरत्या पात्यांमधून भांड्यांवर जोराने फवारतो, गाळणीतून ते पुन्हा खाली येते आणि पुन्हा वर जाते, असा हा हिशेब आहे. वीज साधारण एक ते दीड युनिट लागते.

परंतु याच मुद्द्यावर आईच्या बाजूने एक गोष्ट सांगितली नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. जर्मनीतील बॉन विद्यापीठात वेगवेगळ्या युरोपीय देशांतील लोकांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला दिली होती, तेव्हा सरासरी १०० लिटरच्या आसपास पाणी लागले. ती माणसे बहुतेक वाहत्या नळाखाली धुणारी होती. २०२० साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात मात्र असे दिसले की एका भांड्यात गरम साबणपाणी आणि दुसऱ्यात विसळण्यासाठी गार पाणी घेऊन जो धुतो, त्याच्यामुळे होणारे कर्बवायूचे उत्सर्जन डिशवॉशरपेक्षाही कमी असते. ते वाचताना मला चाळीतली मोरी आठवली. तिथे नळ सकाळी तासभर यायचा, तू एका घमेल्यात घासायचीस, दुसऱ्यात विसळायचीस, आणि दोन बादल्यांत आपल्या सहा माणसांची भांडी निघायची. त्या मोरीत पाणी वाया जात नव्हते. ते वाया जायला लागले चोवीस तास पाण्याच्या फ्लॅटमध्ये आल्यावर, आणि तो दोष तुझ्या हातांचा नाही. दोन घमेली घेऊन पुन्हा तशीच धू, असे मी सांगू शकलो असतो, पण त्यासाठी पुन्हा तेच अंगठे लागतील.

आजी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायची आणि यंत्राची पावडर म्हणजे घातक रसायन, असे तू मागच्या वेळी म्हणालीस. राखेने भांडी निघायची, कारण राखेत क्षार असतात आणि ते तेलकटपणा धरून त्याचा काही अंशी साबण करतात. डिशवॉशरच्या पावडरीतही मुख्यतः धुण्याच्या सोड्यासारखे क्षारच असतात, त्यांच्या जोडीला भाताची वाळलेली पेज आणि डाळीचा थर सोडवणारी विकरे असतात, आणि पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेले असते, जे हाताला सोसणार नाही. हे क्षार तीव्र असतात, म्हणून पावडर ओल्या हाताने घ्यायची नाही आणि नातवंडांच्या हाती लागू द्यायची नाही. शेवटी दोन वेळा स्वच्छ पाण्याने भांडी विसळली जातात आणि त्यांवर पावडरीचा अंश राहत नाही. दोन वर्षांत आमच्या एकाही वाटीला तसा वास आलेला नाही.

त्याच क्षारांमुळे काही भांडी आत घालता येत नाहीत, आणि इथे विक्रेते जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही पहिल्याच आठवड्यात कुकरचे ॲल्युमिनियमचे डबे आत घातले आणि ते काळेठिक्कर पडले, कारण ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर क्षारांत विरघळतो. तुझा बिडाचा तवा तर कधीही आत जाणार नाही. वर्षानुवर्षे तेलाने मुरलेला त्याचा थर एका रात्रीत जाईल आणि सकाळी त्यावर गंज दिसेल. पोळपाट-लाटणे आणि रवी पाण्याने फुगतात व चिरतात. देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेनेच घासायची, कारण चिंचेतले आम्ल डाग विरघळवते आणि डिशवॉशर त्यांची चमक घालवतो. कल्हई केलेल्या पातेल्याचीही तीच गत होते. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आणि शिटीही बाहेर ठेवावी. राहिली ती ताटे, वाट्या, फुलपात्रे, पेले, स्टीलची पातेली, झारे, डाव, चमचे, काचेच्या बरण्या आणि चिनी मातीचे कप. तुमच्या दोघांच्या रात्रीच्या भांड्यांपैकी बहुतेक भांडी यातच येतात, हे मी ओट्यावर मोजून पाहिले आहे.

वाट्या उताण्या ठेवल्या तर त्यांत पाणी साचते, म्हणून त्या तिरप्या पालथ्या लावाव्या लागतात. हे लावणे जमायला आम्हांला महिना लागला. युरोपातल्या पसरट बशांसाठी केलेल्या त्या दांड्यांमध्ये आपली खोलगट ताटे एकाआड एक घर सोडून बसतात. भांडी आधी विसळायची गरज नसते, फक्त खरकटे काढून टाकायचे. आधी विसळली तर वाचलेले पाणी तिथेच संपते. आठवड्यातून एकदा खालची जाळी काढून नळाखाली धरावी, नाहीतर कढीपत्ता आणि मोहरी तिथे अडकून वास येतो. मीठही घालावे लागते, पण ते जेवणातले नव्हे, डिशवॉशरसाठी वेगळे मिळणारे जाड मीठ. पाण्याचा जडपणा काढणारा जो भाग आत असतो तो त्या मिठाने पुन्हा कामाला येतो. आमच्याकडे मोरबे धरणाचे पाणी येते, ते बरेच मऊ आहे. तुमच्याकडे धरणाचे पाणी असेपर्यंत तसा त्रास होणार नाही, पण सोसायटीत टँकर आला आणि ते पाणी बोअरचे असले की पेल्यांवर पांढरे डाग दिसतील, तेव्हा मिठाची मात्रा वाढवायची एवढेच.

बाबा, हा आळशी लोकांसाठी केलेला प्रकार आहे असे तुम्ही म्हणता, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. हे यंत्र जोसेफिन कॉक्रन या अमेरिकन बाईंनी तयार केले आणि १८८६ साली त्याचे पेटंट घेतले. शिकागोच्या ज्या १८९३च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि तिथे स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात हे यंत्र मांडलेले होते. त्यांची सुरुवातीची गिऱ्हाइके होती हॉटेले आणि उपाहारगृहे, म्हणजे जिथे दिवसभर भांडी पडतात अशा जागा. आपल्या घरातही आईची पन्नास वर्षे तशीच गेली.

मावशींविषयी आधीच स्पष्ट करतो. डिशवॉशर आला तरी त्यांच्या पगारातला एक रुपयाही कमी होऊ नये आणि त्यांचे येणेही थांबू नये. सकाळचे कुकरचे डबे, तवा, कढई ही कामे राहणारच आहेत. त्यांच्याही हातांना भेगा आहेत, आणि चार घरांची भांडी करून त्या आपल्याकडे येतात. त्यांच्या वाट्याची ताटे-वाट्या सकाळी आत गेली तर त्यांना वेळेवर घरी जाता येईल.

जागेचा विचार मी केला आहे. ओट्याखाली डावीकडचा पिंपांचा कप्पा ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद आहे आणि सिंकची नळी त्याला लागूनच आहे. इमारत चार मजली, घर दुसऱ्या मजल्यावर आणि टाकी गच्चीवर, म्हणजे नळापासून टाकीपर्यंत आठेक मीटर उंची मिळते. दहा मीटरला साधारण एक बार दाब, तेव्हा आपल्याकडे पाऊण बार सहज येईल आणि या यंत्रांना तेवढा पुरतो. १६ अँपिअरचा सॉकेट मात्र स्वयंपाकघरात नाही. मीटरपासून वेगळी वायर ओढावी लागेल. जुन्या वायरिंगवर हा भार टाकायला तुम्ही होकार देणार नाही आणि मलाही टाकायचा नाही, म्हणून ते काम तुम्ही समोर उभे राहून करून घ्यावे.

आता जे मला बोलता आले नाही ते लिहितो. त्या घरात मी पंचवीस वर्षे जेवलो आणि एकदाही स्वतःचे ताट घासले नाही. तुम्हीही कधी घासले नाहीत, बाबा, आणि आपल्याला ते कोणी सांगितलेही नाही. नेरुळला आल्यावर सूनबाईची रात्रपाळी सुरू झाली आणि भांडी माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात माझीही बोटे फुटली, आणि मला तुझ्या हातांचा अर्थ कळला, आई. तो फार उशिरा कळला याचे मला वाईट वाटते. म्हणून बाबा, तवा, कुकरचे डबे आणि ती कढई यापुढे तुम्ही घासावीत, अशी माझी तुम्हांला कळकळीची विनंती आहे. डिशवॉशर लावणेही तुम्हीच शिकून घ्या. कोणते भांडे कुठे बसते याचा नकाशा तुम्ही चार दिवसांत माझ्यापेक्षा नेटका कराल. मी येईन त्या दिवशी ते काम माझे.

आई, तुला यंत्राचे धुणे पसंत पडले नाही तर तसे मला स्पष्ट सांग. दोन महिने वापरून पाहू, आणि एखादी वाटी तेलकट निघाली तर ती बाजूला काढून ठेव, मी येऊन पाहीन.

पुढच्या रविवारी, ९ तारखेला, सकाळच्या गाडीने येतो. इलेक्ट्रिशियनला अकरा वाजता बोलावले आहे. ओट्याखालची पिंपे तुम्ही दोघांनी हलवू नका, मी आल्यावर काढीन. शनिवारी रात्रीची कढईही, बाबा, तुम्हीच घासून ठेवा.

तुमचा,
थोरला