पोळ्याचे बैल रंगवणे: जळगाव चित्रकला वर्ग, रविवारची सूचना

पालकहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ ते ११, नेहमीच्याच हॉलमध्ये मुलं शाडूचे बैल रंगवतील. श्रावण अमावस्येला पोळा, त्याआधी रंग नीट वाळायला हवा. उशीर नको.

गेल्या वेळी ‘हाऊ मना बैल शे’ (अहिराणीत ‘हा माझा बैल आहे’) यावरून मुलांची जुंपली आणि एका बैलाचं शिंगच तुटलं. चूक माझी, नावं घालायची राहिली होती. आता प्रत्येक बैलाच्या पोटाखाली पेन्सिलीने मुलाचं नाव आहे. शिंगही चिकटवलंय.

- तीन टाळ्या वाजल्या की ब्रश खाली, नजर माझ्याकडे. घरी एकदा सराव घ्या.
- दोघांत पाण्याचा एकच डबा. मुद्दामच.
- दुसऱ्यावर पाणी उडवलं, तर ब्रश पाच मिनिटं माझ्याकडे. ओरडणार नाही, बाहेरही काढणार नाही.
- चुळबुळ करणाऱ्यांना पाणी बदलायचं काम देईन. ती शिक्षा नाही, घरी तसं म्हणू नका.

आणि खिडकीतून सूचना नकोत, कृपया! बैल निळा झाला तर होऊ द्या.

जुना शर्ट, एक फडकं सोबत द्या. मूल येणार नसेल तर शनिवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा.

– वर्गाची ताई